निम्म्यावर आटवलेलं पाणी

बेंगळूर, ८ ऑक्टोबर १९९६

चि. नरसिंहराव यास अ. उ. आ.

समोरच्या कस्तुराबाईंच्या तान्ह्या नातवाचे ओठ निळे पडले, म्हणून हे पत्र. मूल बाटलीच्या, पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावर आहे. वेळेवर दवाखान्यात नेलं, वाचलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. पुढच्या महिन्यात आपली भार्गवी माहेरी येते आहे, आणि तिचं बाळही बाटलीवरच आहे.

जयनगरच्या पुढची ही आमची वसाहत. दहा एकर, चाळीस घरं, दोनशे माणसं. ना नळ, ना भुयारी गटार. प्रत्येक घरापुढे बोअर आणि मागे सेप्टिक टँक. मैल्यातला नायट्रोजन नायट्रेट होऊन खाली झिरपतो आणि ते पोटात गेलं की तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही, एवढं बी.एस्सी.चं रसायनशास्त्र मला आठवतं. किती झिरपतो ते तू सांग. पाणीपुरवठ्यात जन्म गेला तुझा. मोघम उत्तर चालणार नाही.

तुझी,
अहल्याक्का

बेळगाव, १३ ऑक्टोबर १९९६

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे साहेबांचा मेमोच! निवृत्त माणसाला इतकं दरडावू नये. माणशी वर्षाला चार किलो नायट्रोजन धर, त्यातला चौथाई पाण्यापर्यंत पोचतो असं समज. जमिनीत जिरणारं सांडपाणी आणि मुरणारा पाऊस यांच्या बेरजेने त्याला भागायचं. नायट्रेटसाठी साडेचारने गुणायचं. पाऊस तिसरा हिस्सा मुरतो असं धरून मला लिटरला चाळीस मिलिग्रॅम आले. मर्यादा पंचेचाळीसची. काठावर पास झालीस.

तुझी भावजय शिवलीला म्हणते, तरीही बाळाचं पाणी निम्म्यावर आटवूनच द्यावं. तिच्या आईने सगळी नातवंडं तशीच वाढवली.

ओरडलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
नरसू

बेंगळूर, १९ ऑक्टोबर १९९६

चि. नरसिंहराव यास अ. उ. आ.

नापास तू झालास. तुझ्या मनात बेळगावची अंगणं होती. इथे घरोघर फरशी, पाऊस थेट रस्त्यावर. न्हाणीचं पाणीही उघड्या गटारात जातं, टाकीत जातं ते फक्त संडासातलं. विष तेवढंच आणि पातळ करायला पाणी कमी. माझा आकडा दीडशे येतो. अंदाजच आहे, म्हणून पाणी तपासायलाही देते आहे. अहवालाची वाट मात्र पाहणार नाही.

शिवलीलेला सांग, आटवल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी निम्मं झालं की ते लिटरमागे दुप्पट होतं. कस्तुराबाई हेच करत होत्या रे! पहाटे उठून, स्टोव्हवरच्या पातेल्यापाशी बसून, मोठ्या मायेने. त्यांच्या सुनेला बाजूला घेऊन मी खरं कारण सांगितलं. कस्तुराबाईंना एवढंच म्हटलं की बोअर बिघडलंय, आता जयनगरहून पाणी येईल, आणि भार्गवी येणार म्हणून तुमचं पातेलं मला हवंय. पातेलं जुनं आहे, स्वल्प जपून वापर, असं त्यांनी आपल्या कानडी ढंगात मलाच बजावलं.

वसाहतीच्या मंडळींनी गप्प बसायला सांगितलं, प्लॉटचे भाव पडतील म्हणे. मी गप्प बसणार नाही. आणि भार्गवी येणारच. जयनगरच्या मैत्रिणीच्या नळावरून रोज रिक्षाने कॅन आणीन.

तुम्हा दोघांवर माझी माया आहे तशीच आहे. गणित मात्र पुन्हा तपासत जा.

तुझी,
अहल्याक्का

ता. क. आजची देवघेव लिहून ठेवते.
पाणीपुरवठा कार्यालयात दिलं: हिशोबाचा कागद आणि बोअरच्या पाण्याची लाखबंद बाटली. पोच घेतली.
कस्तुराबाईंना दिलं: जयनगरच्या नळाचं, उकळून गार केलेलं एक कॅन पाणी.
कस्तुराबाईंकडून घेतलं: पातेलं, एक, घासून लख्ख केलेलं.