पोटात लागलेली गोळी

१४ जून

प्रिय लाइल,

तू, लेक, जावई सगळे बरे असाल असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, गवत यंदा वेळेवर आलं, आणि शेजारच्या व्हर्जिलच्या गायींनी माझं कुंपण पुन्हा मोडलं. दीड वर्षात आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. आज मी थोरला असून आधी लिहितोय, एवढं लक्षात ठेव.

तर बातमी अशी, की बाबांची रायफल मी हिवाळाभर खोलून पुन्हा बांधली. नळी झिजली होती. नवी नळी बसवली, चाप हलका केला आणि अक्रोडाच्या ओंडक्यातून दस्ता स्वतः कोरला. पाच आठवडे नुसतं पॉलिश चाललं होतं. लोखंड लाकडात जिथं बसतं तिथं काजळी लावून, काळं उमटेल तेवढंच खरवडून, मग फटीत इपॉक्सी भरलं. तू पाहिलीस तर तोंडात बोटं घालशील. खांद्याला लावली की ती आपल्याच अंगाचा भाग वाटते.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. चार दिवसांच्या नेमबाजीच्या शिबिराला नाव घातलं. मी! वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी!

तिथली जनता काय वर्णावी. बारा जण होते, त्यातले नऊ शहरातले. डेन्व्हरचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याच्या रायफलला इतकी यंत्रं लटकवलेली, की नेमका कुठून नेम धरायचा हेच त्याला आठवत नव्हतं. माझा दस्ता पाहून म्हणतो, ‘काका, लाकूड? अजून कुणी लाकूड वापरतं?’

मी म्हटलं, ‘तुम्ही खोटे दात बसवता, मी खरं लाकूड बसवतो. ज्याचा त्याचा धंदा.’

दुसरा ट्रेंट नावाचा, घरं विकणारा. त्यानंही घरीच इपॉक्सी भरलेलं. पण ते चिकटू नये म्हणून लोखंडाला आधी मेण चोळायचं असतं, हे तो विसरला. आता त्याचं लोखंड आणि दस्ता जन्माचे जोडीदार. साफ करायला रायफल उघडायची, तर करवतच लागणार. गडी पुन्हा अभिमानानं सांगतो, ‘बघा, जरासुद्धा हलत नाही!’ मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. कसले हे शिकारी! यांच्या हातात भाजी कापायची सुरी द्यायलाही मी कचरेन.

शिकवणारी बाई होती, नदीन ऑक्सली. चाळिशीची, मेंढपाळांच्या घरची, बोलायला काटकसरी. हिला काय येणार, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. ते तिला कळलंही असेल, कारण मी ते जेवताना मोठ्यानं बोललो होतो.

तिचा एक नियम होता. रोज सकाळी, हात गरम व्हायच्या आत, थंड नळीतून प्रत्येकानं एकच गोळी झाडायची. नेमाच्या कागदावर खाली आपलं नाव लिहायचं आणि तो कागद दिवसभर फळ्यावर लावून ठेवायचा. ‘पुढच्या पन्नास गोळ्या कौतुकाच्या,’ ती म्हणाली. ‘जनावराला फक्त पहिली कळते.’

पहिल्या सकाळी माझी गोळी चार बोटं खाली आणि डावीकडे. मी म्हटलं, दस्ता लांबच्या प्रवासात हवामानानं फुगला असेल. दुसऱ्या सकाळी वीतभर खाली. मी दुर्बिणीचे स्क्रू तपासले, मग वाऱ्याला शिव्या दिल्या. दातांच्या डॉक्टरची गोळी मधोमध होती. आंधळ्याचा नेम लागला असेल, असं मी मनाशी म्हटलं. मनाशी म्हणजे तसं मोठ्यानंच.

तिसऱ्या सकाळी नदीन माझ्याजवळ आली. ‘आज मी भरून देते,’ म्हणाली. तिनं पाठ फिरवून काडतूस घातलं आणि रायफल माझ्या हाती दिली. मी नेम धरला, चाप ओढला.

टक्. नुसतं टक्. काडतूस रिकामं होतं, त्यात दारूच नव्हती. आणि लाइल, धक्का बसायचा नव्हता, आवाज व्हायचा नव्हता, तरी माझ्या रायफलचं तोंड वीतभर खाली गेलं. सगळ्यांच्या देखत.

‘पुन्हा,’ ती म्हणाली. तिनं दहा वेळा भरून दिली. कधी खरं काडतूस, कधी खोटं, मला न दाखवता. जेवढ्या वेळा खोटं निघालं तेवढ्या वेळा मी बिचकलो.

‘कधीपासून?’ तिनं हळूच विचारलं.

‘काय कधीपासून?’

‘डोळे मिटून चाप ओढताय ते.’

मला कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण तो डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत बसला, आणि ट्रेंट मला पाण्याची बाटली द्यायला आला. ट्रेंट! मेण विसरणारा!

नळी झिजली नव्हती, लाइल. मी ती काढली तेव्हाच बघितलं होतं. आतून आरशासारखी होती. मी नवी नळी घातली, नवा दस्ता घातला, पण वर्षानुवर्षं बिचकणारा माणूस जुनाच राहिला.

आता ते लिहितो, ज्यासाठी दोन पानं फुकट घालवली. गेल्याच्या आधीच्या ऑक्टोबरात वरच्या खिंडीत एल्क हरणाचा तो मोठा नर दिसला. आधी मी झाडली, मग तो पळताना तू. मग आपण दोन दिवस बर्फावर हिरवट रक्त बघत फिरलो आणि तो सापडला नाही. पोटात लागलेलं जनावर किती दिवस तडफडतं हे बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. मी आयरीनच्या हॉटेलात, शनिवारच्या आपल्या नेहमीच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणालो, की लाइलनं घाईनं जनावराचं पोट फाडलं, याच्या हातात रायफल देणं पाप आहे. तू काही बोलला नाहीस. रायफल विकलीस आणि बिलिंग्जला निघून गेलास. मी त्यालाही पळपुटेपणा म्हटलं.

तो नर माझ्याच गोळीनं पोट आवळून वाकला असणार. मी डोळे मिटलेले असल्यानं मला ते दिसलं नाही, एवढंच.

काल शनिवार. मी आयरीनकडे गेलो, कॉफी घेतली आणि उभं राहून सांगितलं. गोळी माझी होती, लाइलची नव्हती, मी त्याची नालस्ती केली. मला वाटलं, आता सगळे तुटून पडणार.

पण व्हर्जिल म्हणाला, ‘डेल्बर्ट, बस खाली. आम्हाला माहीत आहे.’

‘कसं?’

‘लाइलनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो तुझ्या शेजारीच उभा होता, तुझी नळी खाली जाताना त्यानं बघितली. आम्ही तुला बोलणार होतो, त्यानंच अडवलं. म्हणाला, वहिनी गेल्यापासून त्याच्याकडे नेमबाजीचा हा एकच अभिमान उरला आहे, तो काढून घेऊ नका. ती गोळी माझ्या नावावर राहू दे.’

मी कॉफी तशीच टाकून आलो.

लाइल, मला तुझा संताप आलाय. तुला कोणी सांगितली होती ही दया? दीड वर्षं मी त्या टेबलावर बसून तुला नावं ठेवली आणि सहा माणसं मान हलवत ऐकत होती, माझी कीव करत. जगातल्या सगळ्या मूर्खांची मी टिंगल केली आणि त्यातला सर्वांत मोठा कोण, हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑक्टोबरात ये. ही रायफल तू चालव. दस्त्याची लांबी तुझ्या खांद्याच्या मापानं बदलून ठेवतो. मी घोडे सांभाळीन, चहा करीन. नदीनच्या सांगण्यावरून रोज खोट्या काडतुसांचा सराव करतो आहे, पण जनावरावर मी आता झाडणार नाही.

हे पत्र लिहायला बसलो ते माफी मागायला. आता तीही मागता येत नाही. मला न विचारता तू ती केव्हाच देऊन टाकली आहेस.

ज्याची गोळी होती तो,
तुझा थोरला भाऊ,
डेल्बर्ट