बांधावरचा लाल फडका

सगुणाताय,

आये गेली त्या दिवशी फोन लागला नाय, असं तुला सांगितलं. ते खरं हाय, पण पुरं नाय. पुरं लिहिलंय खरं, पेणला जाऊन टपालाच्या पेटीत टाकायचं धाडस होत नाय.

आये सकाळपासून म्हणत होती, "चंद्रे, बांधावर लाल फडका लाव. सगुणा खाडीपलीकडून बघंल, होडीनं येल."

मी म्हटलं, "आता फडका कोण बघतो? फोन हाय ना." आता लागंल, मग लागंल करत सांज झाली. आये गेली.

बाराव्याला तुझी जाऊ सहज बोलली, "सगुणा अजून रोज सकाळी तुमचा बांध बघते गो."

तेव्हापासून मी बांधाकडच्या दारात लाल काय वाळत घालत नाय. तू होडी काढशील.

तुझी धाकटी,
चंद्रावती