वाटाघाटी चालू असताना

मंगळवार, संध्याकाळ

हल्ला करणाऱ्या देशाचा तो नेता आज टीव्हीवर सांगत होता, हल्ल्याचा हुकूम आपण आधीच दिला होता. वाटाघाटी फक्त शत्रू गाफील राहावा म्हणून. आणि हसला. तेच हसू.

त्या रविवारी सुहासने तिकडून, शत्रूदेशातल्या ज्या बंदरावर तो कामाला होता तिथून, फोन केला होता. "बाबा, विमानं अजून चालू आहेत, येऊ का निघून?" तेव्हाही हा नेता टीव्हीवर असाच हसत होता. मीच म्हटलं, "अरे, वाटाघाटी चालल्यात. कॉन्ट्रॅक्ट पूर्ण कर." दुसऱ्या पहाटे त्याच बंदरावर बॉम्ब पडले.

शत्रूचं माहीत नाही, मी गाफील राहिलो. हिला सांगायला हवं ना? कसं?

आत्ता केबिन रोडवरच्या फुलवाल्याकडून आणलेला हार पोराच्या फोटोला घालताना ही म्हणाली, "एकदा तरी विचारायचं होतं त्याने, येऊ का म्हणून. मी ये म्हटलं असतं."