आपुलकीचे गुण

४ मार्च
आजही पिवळाच! स्क्रीनच्या कोपऱ्यातला तो आकडा हिरवा व्हायलाच तयार नाही. विम्याचे पैसे का मिळणार नाहीत, हे मी लोकांना फोनवर सांगते. आणि सांगताना माझ्या आवाजात आपुलकी किती, हे मशीन मोजतं. आज एक आजोबा रडायला लागले. मी गप्प राहिले — काय बोलणार? गप्प राहिल्याचे गुण कापले. टीम लीडर म्हणाला, सिस्टीम ठरवते, मी काय करू. त्याचाही चेहरा उतरलेला. त्यालाही कोणी मोजत असणार.

महिनाभर पिवळं राहिलं की घरी बसायचं.

७ मार्च
घरी सराव. नवरा चिडवतो — आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, चहा मिळेल का? मी हसले. मुलगी हसली नाही. दप्तर पसरलं म्हणून तिला रागावले, तर म्हणाली, "आई, ऑफिसच्या आवाजात नको ना रागावूस. भीती वाटते."

तो आवाज कधी निघाला, मला कळलंच नाही.

१२ मार्च
हिरवा! अख्ख्या मजल्यावर पहिली! 'नाही' म्हणताना आवाज खाली आणायचा, शेवटी किंचित हसायचं — जमलं एकदाचं. आज कुणी भांडलंच नाही. नकार ऐकून लोक वर मलाच थँक्यू म्हणतात. खरं सांगायचं तर त्याचीच जास्त धास्ती वाटते.

बक्षीस काय, तर बंद खोलीत माइकसमोर बसवून दिवसभर माझ्याकडून वाक्यं वाचून घेतली, रेकॉर्ड केली. 'माफ करा, हे आपल्या पॉलिसीत बसत नाही.' हळू. अजून हळू. स्वतःच्या आईशी बोलल्यासारखं. नवीन मुलींना शिकवायला म्हणे.

१५ मार्च
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. विमा आमच्याच कंपनीचा. तुझ्या ओळखीनं काम होईल ना गं, म्हणाली. हो म्हणून बसले! माझी ओळख तिथे कोण विचारतंय?

घसा खरखरतोय.

१८ मार्च
आवाज पार बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर कुजबुजायचंसुद्धा नाही. आईला कळवलं नाही, उगाच काळजी करत बसेल.

टीम लीडरला घाबरत घाबरत मेसेज केला. नोकरी गेली असंच धरून चालले होते. उत्तर आलं — आराम करा, घाई नाही, तुमचं काम चालू आहे.

घाई नाही? इथे पाणी प्यायला उठलं तरी विचारतात! आणि माझं काम करतंय कोण? नवरा म्हणतो, नसती शंका काढू नकोस, झोप. झोप कुठली यायला.

२० मार्च
आईचा फोन. सवयीनं उचलला.

"अगं, आत्ता कंपनीच्या फोनवर तूच होतीस ना? दोनदा म्हटलं, मी आई बोलतेय. तू आपलं मॅडम, मॅडम! पैसे मिळणार नाहीत म्हणालीस, पण इतकं गोड म्हणालीस की मला भांडवेना... हॅलो? बोल की गं. मघाशी तर छान बोलत होतीस."

मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.