पदक मिळालेला चमचा कोणाचा

मी, अँब्रोज टायरेल, वय एकाहत्तर, धंदा चांदीकाम, राहणार चिपिंग कॅम्पडन, पाय थकले तरी डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी कालच सांगितल्यामुळे, कोणाच्या भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. वॉल्टर हेन्कविषयी त्यांत जे लिहिले तेही रद्द.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझी भाची मॉड हिला. नवऱ्याने कितीही भुणभुण केली तरी परसातले सफरचंदाचे झाड तिने तोडू देऊ नये.

२. हातोड्या, ऐरणी आणि कानशी जॉर्ज पेनी यांना. गावात हाताने चांदी घडवणारे आता तेच उरले. यंत्रावर चमचे छापणाऱ्या कोणालाही यातले काही विकू नये.

३. आता चमचा. १९०२ साली आमचा सबंध कारखाना लंडनच्या धुरातून या गावी आला. वॉल्टर आणि मी शेजारी बसून काम करायचो. मालावर शिक्का कारखान्याचा, कारागिराचे नाव कुठेच नाही. तीन वर्षांनी पीळदार देठाच्या एका चमच्याला प्रदर्शनात पदक मिळाले आणि यादीत नाव माझे छापले गेले. वॉल्टर म्हणाला, चमचा त्याचा. मी म्हणालो, माझा. पंचवीस वर्षे एकाच गल्लीत राहून आम्ही बोललो नाही.

वॉल्टर मार्चमध्ये गेला. आठवड्याने त्याची बायको ईडिथ तोच चमचा फडक्यात गुंडाळून घेऊन आली. त्याने तो कधी विकत घेऊन ठेवला, मला पत्ता नव्हता.

"जाताना म्हणाले, हा अँब्रोजला दे, त्याचाच आहे," ती म्हणाली. "आणि एवढ्यासाठी तुम्ही माझ्या घरचा चहा सोडलात होय?"

ती गेल्यावर मी भिंग लावले. हातोडीचे ठसे उलट्या अंगाला कललेले. कारखान्यात डावखुरा एकच होता, वॉल्टर.

मग तो असे का म्हणाला? विसरला? भांडण मिटवायला? की मला कायमचे कोड्यात ठेवायला? हे शेवटचे त्याला शोभते. देठाला पीळ देताना माझे बोट भाजले होते, डाग अजून आहे. पण तो देठ याच चमच्याचा, की दुसऱ्या? माझा नाही म्हणावे तर मेलेल्याचा शब्द खोटा पडतो. माझा म्हणावे तर त्याचा हात खोटा पडतो. दोन महिने विचार करूनही मला उलगडलेले नाही.

म्हणून चमचा आणि पदक दोन्ही ईडिथला. तिने ते कपाटात ठेवू नयेत. चमच्याने रोज लापशी खावी.

४. वरचे कलम वकिलांनी तिला मोठ्याने वाचून दाखवावे. खरे तर हे मीच तोंडाने सांगायला हवे. गेले चार रविवार मी तिच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. जमले, तर हे कलम वाया गेल्याचा मला आनंदच होईल.

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
साक्षीदार: हर्बर्ट लूम्स, पोस्टमास्तर
साक्षीदार: ॲग्नेस टिडमार्श, शेजारीण

सही: अँब्रोज टायरेल
चिपिंग कॅम्पडन, शुक्रवार, ता. २३ मे १९३०