वाढलेलं न खाणारा पाहुणा

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाजलेल्या तळव्यांची पट्टी वेळेवर बदलतेस ना? वनरक्षक झालीस तरी पाय आईनेच दिलेत, खात्याने नाही.

तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला. आता सांगतो. वणव्यातून तुम्ही आणलेल्या अकरा जिवांपैकी दहा गेले. ससे पहिल्याच दिवशी, मग घोरपडी, काल उदमांजर. भाजण्यापेक्षा धुरानेच जास्त मारले. प्राण्यांचा डॉक्टर म्हणवून घ्यायची लाज वाटली गं.

उरलंय ते तू जॅकेटात गुंडाळून आणलेलं खवल्या मांजर. जखमा भरतायत, पण सहा दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. बशीत मुंग्यांची अंडी ठेवली की स्वारी अंगाचं वेटोळं करून पडते. अजून दोन दिवस असंच चाललं तर तेही जाईल.

रागव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून रडले. शेजारणीला वाटलं पाय दुखतोय, तिला तसंच वाटू दिलं.

आता कान इकडे कर. अरे शहाण्या, चकचकीत फरशी, फिनाईलचा वास आणि वर बशी? तो नाकावर जगणारा प्राणी. वीस वर्षं त्याच्या मागावर हिंडले, उकरल्याशिवाय खाताना कधी दिसला नाही. मानी आहे, वाढलेलं खात नाही. तूही ताट ढकलून फडताळातलं चोरून खायचास, विसरलास? न जळलेल्या रानातली माती आण, तिच्यात मुंग्यांनी भरलेला कुजका ओंडका पूर आणि दार लावून घे. सारखं डोकावू नकोस.

टपालाला वेळ नाही, तुझं पत्र घेऊन आलेल्या जीपवाल्याबरोबरच देतेय. हा एक तरी जगू दे रे.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही थोडी पाठवतेय.

ताई

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोलीत आठ घमेली माती ओतली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा दवाखाना आहे की शेत? तासाभराने त्याच दाराला कान लावून माझ्याशेजारी बसल्या होत्या. आतून खरवडल्याचा आवाज येत होता. ताई, खाल्लं त्याने! ओंडका पार पोखरून ठेवलाय.

पाय बरे कर. त्याला रानात सोडताना पिंजऱ्याचं दार तूच उघडायचंस.

तुझ्या शिव्यांचा भुकेला,
धाकटा

३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ओढ्यापाशी सोडलं तेव्हा त्याने वळूनही पाहिलं नाही, म्हणून तू खट्टू झालास. मला तेच आवडलं.

काल पुन्हा ओढ्याकडे गेले. सगळं काळं पडलेलं, म्हणून त्याच्यासाठी डबाभर मुंग्या घेतल्या होत्या. काठाला त्याच्या पंजाच्या खुणा दिसल्या. माग काढत गेले, तर जळक्या बुंध्यामागे एक वारूळ ताजं फोडलेलं. आत मुंग्या होत्या रे, जिवंत, बांधकाम दुरुस्त करायला लागलेल्या.

मी डब्याचं झाकण उघडलं. मग माझ्याही मुंग्या तिथेच सोडल्या आणि रिकामा डबा घेऊन घरी आले.

सुखात आहे, तूही राहा.

ताई