मागच्या गेटची कमेंट

१९ जाने., रविवार
आज गिरणगाव वॉकला चौदा जण! गेल्या महिन्यात चार जमवताना जीव जायचा. सगळी करामत बाबांच्या रीलची. गिरणीच्या जुन्या गेटसमोर उभे राहून म्हणतात, "संप होतो तवसर मी ह्या गेटाच्या आत पाय ठेवूक नाय." मागे चिमणी, तिच्यामागे टॉवर. निलेशने एका टेकमध्ये घेतलं होतं. आज निम्म्या लोकांनी बाबांबरोबर सेल्फी काढले. एक मुलगी पाया पडली. बाबा एकदम मागे सरकले. लाजले असतील.
दादरच्या ट्रॅव्हल ऑफिसातली नोकरी सुटल्यापासून माझं सगळं ह्या वॉकवरच. आता वाटतंय, चालेल.

२१ जाने.
रीलखाली एक कमेंट. नाव 'जुनं गेट'. फोटो नाही, पोस्ट शून्य, फॉलो फक्त आम्हाला.
"मागच्या गेटचंही सांगा की, काका."
बस्स, एवढंच. निलेशला फोन केला. पेज तोच बघतो. म्हणाला, "असू दे गं. कमेंट आल्या की रील वर येते."

२४ जाने.
परत तेच अकाउंट. "संपाच्या वर्षी शिमग्याला अख्खी खोली गावाला गेली. काका एकटेच मुंबईत का राहिले?"
हे बाहेरच्याला कसं माहीत? मलाच माहीत नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.
खाली लोक तुटून पडलेत. काही बाबांच्या बाजूने, बाकीच्यांना मजा हवी. व्ह्यूज तिप्पट. निलेशचा मेसेज: "वैशू, ती कमेंट पिन करूया?"
पिन! माझ्या बापाबद्दलची!
मग टाळकं सरकलं. निलेश वाढला आमच्याच चाळीत. त्याच्या आजीला प्रत्येक खोलीतलं सगळं ठाऊक असायचं. आणि रील वर जावी असं सगळ्यात जास्त कोणाला वाटतं?

२५ जाने.
विचारलंच. परळ नाक्यावर, चहा घेताना. "जुनं गेट तूच ना?"
आधी हसला. मग हसायचं थांबला. "पहिलीपासून ओळखतेस तू मला."
"म्हणूनच विचारतेय."
फोन अनलॉक करून माझ्यापुढे सरकवला. बघायला नको होतं. बघितला. सगळी अकाउंट्स, सगळे मेसेज. काही सापडलं नाही. तरी तोंडातून गेलं, "दुसरा फोन असेल."
अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला. संध्याकाळी पेजचा पासवर्ड पाठवला.

२८ जाने.
बाबांना कमेंट दाखवल्या. चष्मा शोधण्यात बराच वेळ काढला. चष्मा खिशातच होता.
"कोण लिवता ह्या?"
"कोण ते राहू द्या. खरं आहे का?"
"मोबाइलवरचा काय खरा नि काय खोटा." टीव्हीचा आवाज वाढवला.
नुसतं 'नाही' म्हणाले असते तरी मी मानलं असतं. आई असती तर...

३० जाने.
ब्लॉक करणार होते. त्याऐवजी मेसेज केला, "कोण तुम्ही? काय हवंय?"
तासाभराने उत्तर. "रविवारी येते."
येते. म्हणजे बाई.
निलेश नाही मग. की त्याने कोणा बाईला... छे. मीही कुठवर जातेय. त्याला सॉरी लिहिलं. पाठवलं नाही.
रविवारच्या यादीत अकरा बायका. प्रत्येक नाव तीच वाटतंय.

२ फेब्रु., रविवार
नीट लिहून ठेवते.
वॉक सुरू होताना मी नेहमीचं बोलले. फोटो काढा, व्हिडिओ करा, पेजला टॅग करा. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून गेटवर पोचलो. बाबा बोलायला लागले. त्यांचं ते वाक्य आलं, आणि मागून पन्नाशीची एक बाई पुढे आली. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आवाज अजिबात चढवला नाही.
"काका, साचेखात्यात मागावर असायचे ते गणपत आठवतात?"
बाबा तिच्याकडे बघत राहिले. "तू गणपतची?"
"शैला. धाकटी."
मला वाटलं, बाबा आता टाळतील. टाळलं नाही.
"गेल्लंय मी कामाक," म्हणाले. "मागल्या गेटान. शिमग्याच्या आधी. गणपतच्याच साच्यावर उभो केल्यानी माका."
सगळे फोन वर. मी ओरडले, बंद करा! एकानेही केला नाही. मीच सांगितलं होतं ना, व्हिडिओ करा म्हणून.
शैलाताई म्हणाली, "संपानंतर अण्णांना परत आत घेतलंच नाही. मरेपर्यंत म्हणायचे, माझ्या साच्यावर कोण होतं ते कळू दे एकदा. मला त्यांच्या मित्राकडून कळलं, ते गेल्यावर. आणि मग तुमची रील बघितली."
"माफ कर गो पोरी."
"माफी नको. गोष्ट सांगताय ना लोकांना? मग त्यात अण्णांचं नाव घ्या."
अँटॉप हिलला राहते म्हणाली. चहालाही थांबली नाही.
घरी येताना बाबा माझ्या दोन पावलं मागे. मी वळून बघितलं नाही. का, ते मलाही नीट कळत नाही.

४ फेब्रु.
व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. 'नकली संपकरी', 'गद्दार आजोबा'. कोणीतरी वर गाणं टाकलंय. एका शाळेने सहल रद्द केली. उलट रविवारची बुकिंग फुल्ल. काय ऐकायला येतायत हे तीस जण? की नुसते बघायला?
निलेश घरी आला. बाबांशेजारी बसून राहिला. जाताना दारात म्हणाला, "जुनी रील काढून टाकू?"
"थांब."
"सॉरी म्हणणार आहेस की नाही?"
म्हटलं.

८ फेब्रु.
उद्या वॉक. बाबांना सांगितलं, नका येऊ, मी बघते. दुपारी स्वतःच शर्टाला इस्त्री केली.
मला अजून खात्री नाही. तिथे उभे राहून खरं सांगतील, की पुन्हा सगळं गोड करतील? चाळीस वर्षं जमलंय त्यांना. मलाही ते गोडच आवडायचं. तेच तर विकत होते मी.
पाच वाजता हाक आली. "वैशू, गणपतचा आडनाव काय गो?"
"तुम्हाला माहीत नाही?"
"आम्ही गणपतच म्हणायचो. तिका इचार."
शैलाताईला त्याच अकाउंटवर मेसेज केला. वाचल्याची खूण आलीय. उत्तर नाही.